एकोणपन्नास नाबाद

वैजू गेल्याची बातमी कळलेल्यांत मी तिसरी. आधी ग्रोनिंगनला शिकणाऱ्या तिच्या मुलीला, मग फोरबर्गच्या क्रिकेट क्लबला आणि मग मला. स्लोटरडाइकच्या ऑफिसात मीटिंग संपवून बाहेर आले तर फोनवर प्रकाशचे, म्हणजे वैजूच्या नवऱ्याचे, दोन मिस्ड कॉल. "अनघा, वैजू गेली गं... आज सकाळी. मेंदूत रक्तस्राव झाला, काही करायला वेळच मिळाला नाही," तो म्हणाला. आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "क्लबला कळवलंय मी." अकरा वर्षांपासूनची मैत्रीण गेली आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? की क्लबला माझ्या आधी का? लाज वाटली, पण नंतर. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत, ठाऊक आहे मला. पण वैजूबद्दल खरं लिहायचं तर माझ्या मत्सराला वगळून चालणार नाही. आमच्या मैत्रीत तो नेहमीच मांडी घालून बसलेला असायचा.

क्रिकेट तिला मी शिकवलं. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की माझा मुलगा आता ते माझ्या आधी डचमध्ये म्हणून दाखवतो. नाशिकला माझे वडील रेडिओला कान लावून इंग्लंडमधल्या कसोट्या ऐकायचे आणि मी शेजारी बसून त्यांच्यासाठी धावा लिहून ठेवायचे. लग्न होऊन इथे हॉलंडला आले तेव्हा नोकरी नव्हती, भाषा येत नव्हती, पण समुद्रापलीकडच्या कौंटी सामन्यांचं दिवसभराचं समालोचन इंटरनेटवर फुकट ऐकू यायचं. त्यावर मी दिवस काढले. वैजू नंतर आली, डोंबिवलीहून, आमच्या मागच्याच गल्लीत. एकदा कोथिंबीर मागायला आली आणि ओट्यावरचं समालोचन ऐकून म्हणाली, "चार चार दिवस खेळतात आणि तरी निकाल नाही? मग करतात काय गं?" मी तिला लाटणं आणि तीन वाट्या मांडून पायचीत म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बॉल वाट्यांच्या वरून जाणार असेल तर?" पहिल्याच दिवशी हा प्रश्न! मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दोन वर्षांत ती माझ्या पुढे निघून गेली. माझी कौंटी पहिल्या विभागातली, जिंकणारी. तिने निवडली दुसऱ्या विभागातली, दरवर्षी तळाला लोळणारी. मी चिडवलं की म्हणायची, "तुझी जिंकते गं, पण माझी खेळते." त्या कौंटीच्या राखीव यष्टिरक्षकाचा गुडघा कधी दुखावला तेही तिला पाठ. भारताची कसोटी चालू असताना मी कोहळ्याचे तुकडे करत अर्धवट ऐकायचे. ती चेंडू न् चेंडू लिहून काढायची. दर उन्हाळ्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून हुक व्हॅन हॉलंडहून बोटीने इंग्लंडला जायची, एकटी, चार दिवसांचा सामना बघायला. दरवर्षी "चल गं" म्हणायची आणि दरवर्षी माझ्याकडे कारण तयार असायचं. मुलाची शाळा, ऑफिस, हाउसआर्त्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट. खरं कारण एकच होतं. तिथे गेले असते तर ती मला एकेक गोष्ट दाखवत फिरली असती आणि मी तिच्यामागून पाहुण्यासारखी चालले असते. ते मला नको होतं. मग फोटो यायचे. पायांवर ब्लँकेट घेतलेले इंग्रज म्हातारे वैजूच्या डब्यातली दशमी खाताहेत आणि वैजू मधोमध हसतेय. मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवून द्यायचे आणि दिवसभर घरात कुणाशी धड बोलायचे नाही.

पुढे फोरबर्गच्या क्लबला स्कोअरर मिळेना, तर वैजूने तेही शिकून घेतलं. तिथे एकदा हॉलंडचा एका पाहुण्या संघाशी आंतरराष्ट्रीय सामना झाला. मी तिकीट काढून, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून, वाऱ्यात गवतावर बसले होते. वैजू स्कोअररच्या खोलीत, खिडकीशी. चौकार गेला की अंपायर त्या खिडकीकडे वळून हाताने खूण करायचा आणि खिडकीतून हात वर दिसेपर्यंत थांबायचा. म्हणजे अख्खा सामना वैजूचा हात वर होईपर्यंत खोळंबलेला! "आई, दॅट्स वैजूमावशी! सो कूल!" माझा मुलगा ओरडला. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तिच्या ते लक्षात आलं असावं. पुढच्या मोसमात म्हणाली, "स्कोअरर दोन लागतात. तू बस ना माझ्याबरोबर. घरच्यासारखं होईल." उपकार केल्यासारखा चेहरा करून मी होकार दिला आणि आठवडाभर वडिलांना आठवत राहिले. दोघींच्या दोन वह्या, पेन्सिलीने लिहायचं, षटक संपलं की एकूण धावा जुळवायच्या. अशाच एका रविवारी आमचा गुरप्रीत खेळत होता. बाडहूव्हडॉर्पला राहणारा, विमानतळावर कार्गोत काम करणारा, एका डावात पन्नास धावा कधीच न गाठलेला गुरप्रीत. शेवटच्या षटकात चेंडू बॅटची कड घेऊन पॅडला लागला आणि एक धाव निघाली. वैजूने लेगबाय लिहिला. म्हणजे धाव संघाची, फलंदाजाची नाही. पण लेगबाय असला तर अंपायर पाय उचलून गुडघ्यावर हात लावून दाखवतो, आणि या अंपायरने काहीच दाखवलं नव्हतं. मी धाव गुरप्रीतला दिली. सामना संपला, एकूण धावा जुळल्या.

"गुरप्रीत एकोणपन्नास नाबाद," वैजू म्हणाली.

माझ्या वहीत पन्नास होते.

"हो, एकोणपन्नास," मी म्हणाले. आणि ती बॅग आवरत असताना माझ्या वहीतली धाव खोडरबराने पुसून तिथे लेगबाय लिहिला. का केलं असं? मला तिची चूक हवी होती. क्लबच्या वहीत, तिच्या मोत्यासारख्या अक्षरात, सगळ्यांना कधीतरी दिसेल अशी. मी ती तेव्हाच सुधारली असती तर ती चूक उरलीच नसती. बाहेर गुरप्रीत पॅड सोडत हसत म्हणत होता, "एक रन से रह गया, यार." ते मी ऐकलं आणि तरीही गप्प बसले.

पुढच्या रविवारी चहा पिताना तोच अंपायर सहज म्हणाला की आपण त्या सामन्यात एकदाही गुडघ्याला हात लावला नव्हता. वैजूचा चेहरा उतरला. ती दोन्ही वह्या घरी घेऊन गेली. गुरुवारी सरावाला सगळे जमले असताना उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली की चूक माझी आहे, गुरप्रीतचे पन्नास झालेत, आणि ही त्याची मिठाई. घरून डबाभर शिरा करून आणला होता. टाळ्या थांबेनात. गुरप्रीतने तिला चक्क उचललं. मी ज्या चुकीवर डोळा ठेवून होते त्याच चुकीने वैजूचा मान आणखीच वाढवला! माझा नुसता जळफळाट झाला. मग कप विसळताना तिने हळूच विचारलं, "तुला दिसलं होतं का गं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि माझी वही मला परत दिली. त्यानंतर चार मोसम दर रविवारी ती माझी खुर्ची पुसून ठेवत राहिली. मी कितीदा तरी सांगायचं ठरवलं... पण दर वेळी ती काहीतरी नवीन मिळवून आलेली असायची आणि माझं तोंड पुन्हा मिटायचं.

ती फेब्रुवारीत गेली. एप्रिलच्या शेवटी मोसम सुरू झाला आणि क्लबने मला मुख्य स्कोअरर केलं. जे मला इतकी वर्षं हवं होतं ते हे असं मिळालं. खोलीत गेले तर तिच्या खुर्चीवर इरकली साडीच्या तुकड्याची शिवलेली उशी नाड्यांनी पक्की बांधलेली होती. सोडवायला गेले, गाठ सुटेना. शेवटी त्या उशीवरच बसले. गुडघे गेले म्हणून खेळणं सोडलेला गुरप्रीत आता दुसरा स्कोअरर होता, माझ्या जुन्या खुर्चीत. नाणेफेक व्हायची होती. मी विचार करत बसले असते तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून एकदम बोलून टाकलं. "गुरप्रीत, वो तुम्हारा पचासवाँ रन... मैंने देखा था. लिखा भी था. फिर मिटा दिया."

तो पेन्सिलीला टोक करत होता. ते पूर्ण केलं.

"पता है जी," तो म्हणाला. "वैजू दीदी ने आपकी कॉपी में मिटाया हुआ देख लिया था. मुझे बोलीं, अनघा ख़ुद बताएगी, तू मत पूछना."

मला आधी रागच आला. चार वर्षं तिला माहीत होतं आणि ती माझी खुर्ची पुसत होती! मी तिच्या जागी असते तर मी हे साऱ्या फोरबर्गला सांगितलं असतं. मला माफ करून ती मोकळी झाली आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही, इथेही माझ्या चार पावलं पुढेच. तिच्याच उशीवर बसून, ती नसताना, मी तिच्यावर जळत होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. वहीवरच्या रेघा दिसेनात. सामना कधी सुरू झाला तेही मला कळलं नाही. खूप वेळाने शेजारून गुरप्रीतचा आवाज आला. तिला तो दीदी म्हणायचा, मला मॅडमच म्हणतो.

"मॅडम, चौका गया है. हाथ उठाइए, सब रुके हैं."

मी बाहेर पाहिलं. अंपायर आमच्या खिडकीकडे तोंड करून उभा होता, गोलंदाज चेंडू घेऊन थांबला होता. मी हात वर केला.