ती दर दिवाळीला स्वतःला शोधायची

मंडळी, आज सकाळी नामपूरहून एक बाई घरी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, ऐंशीच्या दशकात माझी आई तुमच्याकडे उपचाराला यायची. गेल्या महिन्यात गेली."

आईचं नाव ऐकलं आणि चेहरा आठवला. तेव्हा नाशिकमध्ये मी मानसोपचाराचं काम करायचे आणि दिवाळी अंकांसाठी कथाही लिहायचे. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं कथेत आणायचं नाही, हा नियम कधी मोडला नाही. तिची गोष्ट मात्र दर वर्षी लिहावीशी वाटायची. दर वर्षी मी दुसरंच काहीतरी लिहून वेळेवर पाठवायचे.

"तुमची कथा आली की आई मला मोठ्याने वाचायला लावायची," त्या हसत म्हणाल्या. "संपली की विचारायची, 'यामा मी कोठे शे?' मी म्हणायचे, 'अगं, तू कशाला असशील? त्या काय तुझ्या मावशी आहेत?' तर म्हणे, 'पुढच्या वर्षी असेन.'"

मला वाटत होतं, मी तिला जपतेय.

तिची लेक म्हणते, आता तरी लिहा. पण ऐकून "हीच मी" म्हणणारी आता नाही. तुम्ही लिहिली असती?