जवळ धरलेलं जुनं धोतर

जायच्या दिवशी भर दुपारी कोंडीबानं अंगणात कमरेचं धोतर सोडलं. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी व्हती, पर त्येची बायकू दगडाबाई चुलीपासनं वराडलीच.

"आवं, पोरगी म्होरं उबी हाय! लाजबिज इकून आलाय का काय?"

"गप गं तू. पोरीला उजेड दाखिवतोय."

"उजेड बघाय धोतर सोडाय लागतंय व्हय? मंग आमी इतकी वर्सं आंधळीच हाय म्हना की!"

अपेक्षा फिस्सकन हसली. चार दिसांत पयल्यांदा हसली. चार दिस तिनं नीट भाकरी खाल्ली नव्हती.

अपेक्षा म्हंजी कोंडीबाची धाकटी. ती कॉम्प्युटरवर चित्रं करायची. कागदावर काढत्यात तसली न्हाईत. आत बावली घडवायची, शाडूची घडवत्यात तशी, नाक, कान, बोटं सगळं. मंग तिला केस लावायचं, कापडं घालायची, आन् शेवटाला तिच्यावर लाईट सोडायचं. लाईट सोडस्तवर ती बावली काळ्याकुट्ट अंधारातच असती. ते लाईट सोडायचंच काम लय अवघड. त्येच्यातच सगळं अडलं व्हतं.

पुण्याच्या पल्लवी मॅडम बारक्या पोरांची गोष्टींची पुस्तकं काढत्यात. त्येंचं काम अपेक्षाला मिळालं. आठ वर्साची येक पोरगी, मांडीवर कोकरू, येवढंच. पर तीन येळा चित्र माघारी आलं. दर खेपंला मॅडम फोनवर त्येच बोलायच्या. "अगं, चेहरा फार कडक वाटतोय. उजेड मऊ पाहिजे. पोरीला उचलून कडेवर घ्यावंसं वाटलं पाहिजे." चवथी खेप शेवटची. सोमवारी चित्र न्हाई आलं तर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार व्हतं.

तिचा थोरला भाऊ तानाजी शिरवळला कंपनीत हाय. त्येनं बी त्या आठवड्यात सांगून टाकलं, "आपे, सोमवारी जमलं तर तुजं खरं. न्हाई जमलं तर मंगळवारी माज्या मागं गाडीवर बसायचं. पॅकिंगला जागा हाय, सायबाला बोललोय. घरात बसून बावल्या किती दिस करणार?" अपेक्षानं मान हालवली. कबूल केलं. मंग आत जाऊन येकाचं दोन, दोनाचं चार लाईट लावत बसली.

त्या रविवारी सकाळी कोंडीबा तिच्या खोलीत आला. मेंढरं अजून वाघुरातच व्हती, जाळीच्या कुंपणात. कॉम्प्युटरम्होरं वाकून त्येनं लय येळ बघितलं. नजर त्येची कमी झाल्ती, पर त्वांड पारखायला ती कवा कमी पडली न्हाई.

"आपे, हे पांढरं पांढरं कशाचं गोळं हायेत?"

"लाईट हायत आबा. सात."

"येका तोंडाला सात सूर्य?"

"मऊ कराय लावलेत. सावली दिसंना झाली का मऊ हुईल."

"मऊ कुठलं, सगळं त्वांडच गेलंय की. पापडावानी झालंय. नाक कुटं हाय ते तरी कळतंय का? भाकरीला पीठ थापावं तसं फासलंयस." मंग म्हणला, "कोकरू बरं झालंय पर. कान आपल्या बांडी मेंढीच्या पिलाचा हाय."

कान खरंच बांडीच्या पिलाचा व्हता. अपेक्षानं गोठ्यात बसून बघून केला व्हता. कोकराचा कान बघितला का त्येची आई कुठली ते कोंडीबाला कळायचं. त्यो कवा शाळंत गेला न्हाई. त्येचा जलमच मुळी वाटंवरचा. त्येची आई मेंढरं घिऊन पाटणकडं चालली व्हती, कराडच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात तळ पडला, तितं त्यो झाला. मोजदाद येत नव्हती, पर सांजच्याला कळप आत घितला का नुसती नजर फिरवायचा आन् म्हणायचा, "काळतोंडी न्हाई आली." तोंडावरनं कळप ध्येनात ठेवायचा. कुठल्या मेंढराचं काय बिनसलंय ते बी तोंडावरनंच सांगायचा.

त्येच्या सोताच्या तोंडाचा मातूर येकच फोटू व्हता, आधारवरचा. त्यो बघून कोंडीबाच घाबरला व्हता. "ह्यो चोर कोण?" म्हणला. "बल्ब तोंडावर मारला का देव बी चोर दिसंल."

बारावी झाल्यावर अपेक्षानं साताऱ्याला हे काम शिकायचं म्हणलं, तवा घरात कुणालाच काय कळलं न्हाई. कोंडीबाला बी न्हाई. त्येनं येवढंच इचारलं, "त्येच्यात तोंडं करायची असत्यात का?" ती व्हय म्हणली. म्हसवडच्या बाजारात त्येनं मेंढरांचं येक खांड इकलं आन् कॉम्प्युटर घरात आला. शेजारचा ज्ञानू पारावर बसून लय दिस टोचायचा.

"काय रं कोंडीबा, मेंढरं इकून बावल्या पाळल्यास म्हणं?"

"पाळल्या की. मेंढरं गवात खात्यात, ह्या लाईट खात्यात. राखायला दोनी बी सारखीच."

"आन् लोकर कवा काढणार गड्या?"

"तुज्या डोस्क्यावरची काढून झाली का मंग." ज्ञानूला टक्कल व्हतं. पारावरची माणसं हसून हसून लोळली.

तर त्या रविवारी, सात सूर्य बघितल्यावर, कोंडीबा भायेर गेला. दुपार हुस्तवर मेंढरांत काय तरी करत ऱ्हायला. आन् बाराच्या टायमाला त्येनं हाक मारली, "आपे, भायेर यी. आन् ते बांडीचं पिलू आण."

ऊन असलं व्हतं का अंगणातली माती पांढरी दिसत व्हती. अपेक्षानं पिलू उन्हात धरलं. त्येनं डोळं गच्च मिटलं. नाकाची सावली व्हटांवर काळी पडली, चाकूनं कापल्यावानी.

"आता त्येची पापणी उलटून बघ. रगात किती हाय सांग."

मेंढरांत ही नेहमीची गोष्ट हाय. पापणी आतनं लाल असली तर मेंढरू बरं, पांढरी पडली तर पोटात जंत झाल्यात. अपेक्षानं पापणी उलटली. उन्हात सगळं पांढरंफेक दिसलं.

"पांढरी हाय की आबा."

"आता सावलीत बघ."

छपरात नेलं तर सगळं काळपट. काय बी कळंना.

"काळी हाय."

"झालं! उन्हात पांढरी, सावलीत काळी. मंग आमी आयुष्यभर कसं बघितलं?" असं म्हणून त्येनं कमरंला हात घातला आन् धोतर सोडलं. दगडाबाईचं बोलणं तवाच खाल्लं त्येनं.

धोतराचा येक पदर अपेक्षाच्या हातात दिला, दुसरा आपण धरला, आन् पिलाच्या आन् सूर्याच्या मदी आडवं ताणलं. पयल्यांदा अपेक्षानं हात लांब वर केला.

"लांब कशाला? घारी हाकलायच्यात व्हय? जवळ घे. त्वांडापाशी. पिलाला वाटाय पायजे का आबाळच खाली आलंय."

ती जवळ घिऊन आली. आन् तिच्या डोळ्यांम्होरं पिलाचं त्वांड बदललं. नाकाची काळी सावली इरघळली. गेली न्हाई, हाय तितंच ऱ्हायली, पर तिची कड मऊ झाली. पिलानं डोळं उगडलं. कानातनं उजेड आरपार आला, पातळ गुलाबी, आतली बारकी शीर दिसाय लागली. आन् डोळ्यात येक बारका पांढरा चौकोन चमकला. धोतर व्हतं ते, डोळ्यात पडलेलं.

"आता पापणी."

लाल व्हती. चांगली तांबडीलाल.

"बघितलंस? सूर्य त्योच. म्या येक बी वाढवला न्हाई. निस्तं आडवं घातलं."

"आन् ही बाजू आबा? हितं सावली हाय अजून."

"ऱ्हाऊ दे की! येका बाजूला सावली पायजेच. दोनी गाल सारखं कुणाचं असत्यात? तुज्या आयशीचं सुदीक न्हाईत."

"माज्या गालाचं काय हाय तितं?" दगडाबाई आतनं.

"काय न्हाई, काय न्हाई. चांगलं हायत म्हणलो."

मंग धोतर गुंडाळता गुंडाळता आणखी येक सांगिटलं. "नवं धोतर घिऊ नगं कवा. त्येच्यात नीळ असती. कोकराचं त्वांड आजारी दिसतंय. म्या जुनंच घेतो, लोण्यावानी पिवळं झालेलं. त्येच्यात जीव वाटतोय."

अपेक्षा पळतच आत गेली. सातातलं सहा लाईट पुसून टाकलं. येकच ठिवला, सूर्याचा. त्येच्या आन् पोरीच्या मदी कॉम्प्युटरात येक कापड केलं, येवढं मोठं का पोरगी त्येच्याखाली झाकून जाईल. जवळ आणलं. रंग दिला जुन्या लोण्याचा. डाव्या गालाची सावली ऱ्हाऊ दिली. आन् बटण दाबलं.

बटण दाबलं का लगेच चित्र येत न्हाई. कॉम्प्युटर येक येक ठिपका भरत बसतो, दोन-अडीच घंटं लागत्यात. कोंडीबा जेवून आला. पिठलं-भाकरी दोन दफा मागून खाल्ली. उंबऱ्यापाशी घोंगडं टाकलं, तितनं पडद्याचा कोपरा दिसायचा.

"केस आल्यात," म्हणला. जरा येळानं म्हणला, "कपाळ बी आलं." मंग कुशीवर झाला. "आपे, झालं का उठीव मला. बघतो आन् मंग मेंढरं सोडतो."

पाचाच्या सुमाराला चित्र पुरं झालं. ती पोरगी खरंच कुणीतरी उन्हातनं आणून छायेत बसवल्यावानी दिसत व्हती. कोकराच्या कानात तांबडं फुटलं व्हतं.

"आबा, झालं. उठा."

त्येनं हूं केलं न्हाई. त्येला सोंग घ्यायची खोड व्हती, पोरं उठवाय आली का घोरायचं सोंग करायचा. "आबा, सोंग नगा गा," म्हणून अपेक्षानं त्येचा पाय हालवला. मंग हात धरला. मंग आईला हाक मारली.

म्हसवडचा डॉक्टर आला. झोपंतच गेलं म्हणला, काय त्रास झाला नसंल. त्येचं त्वांड बी तसंच व्हतं, पोटभर जेवून पडलेल्या माणसाचं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. शिरवळचं नाव कुणी काढलं न्हाई, चित्राचं बी न्हाई. बुधवारी तानाजी तिच्या खोलीत आला. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून दगडाबाईनं त्येच्यावर कोंडीबाचं जुनं धोतर टाकलं व्हतं. बाकीची कापडं दिऊन टाकली, हे तिनं दिलं न्हाई.

"ते चित्र धाडलंस?"

"न्हाई."

"दाव मला."

अपेक्षानं धोतर बाजूला करून दावलं. तानाजी वाकला, बापागतच वाकला. पोरीच्या डोळ्यावर बोट ठिवलं.

"ह्ये डोळ्यात पांढरं काय हाय?"

"आबांचं धोतर."

तानाजी खाली बसला. मंग नाक पुसत म्हणला, "नंबर दे मॅडमचा." त्येनंच फोन लावला. "मॅडम, आमचं वडील गेलं, म्हणून उशीर झाला. पोरीचं काम रविवारीच झालं व्हतं. तेवढं बघून घ्या." त्या बघते म्हणल्या. चित्र गेलं. सांजच्याला त्येंचाच फोन आला. म्हणल्या, "पुस्तकातल्या सगळ्या पानांना हाच उजेड पाहिजे. सगळी पानं तूच कर."

दगडाबाईला सांगिटलं तर ती म्हणली, "मंग धोतर सोडल्याचं काय तरी झालं म्हणायचं." आन् डोळ्याला पदर लावून हसली.

दहाव्याला सगळं उरकून माणसं जेवाय बसली व्हती. तानाजीनं डोस्क्यावरचं केस काढलं व्हतं आन् नवं धोतर नेसला व्हता, जलमात पयल्यांदा, सारखं पायात येत व्हतं. तेवढ्यात काळतोंडी मेंढी याली. दोन पिलं. येक उठून उबं ऱ्हायलं, येक पडूनच ऱ्हायलं.

कोण काय म्हणायच्या आत तानाजीनं उन्हात जाऊन कमरेला हात घातला.

"आरं आरं!" दगडाबाई पंगतीतनं वराडली. "पावणी माणसं बसल्यात! बापाचंच वळण लागलंय मेल्याला!"

ज्ञानू घास तोंडात धरून हसला.

"दादा, थांब," अपेक्षा म्हणली. "ते नवं हाय. निळं मारंल."

ती आत पळाली आन् कॉम्प्युटरवरचं जुनं धोतर वडून आणलं. येक पदर तानाजीनं धरला, येक ज्ञानू उष्ट्या हातानं धराय आला, त्येला दगडाबाईनं हाकललं आन् आपण धरला. अपेक्षा पडलेल्या पिलापाशी बसली.

"जवळ घ्या," ती म्हणली. "आणखी जवळ. आई, तू बी."

पिलानं डोळं उगडलं. तिनं आंगठ्यानं पापणी उलटली. लाल व्हती.