बापानं पसंत करायची खोली

उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारे काका रविवारी चर्चमधून आले, की गल्लीला प्रवचन देत आणि दर वाक्यानंतर ‘समजलं का?’ विचारत. आवडता विषय यहुदी लग्नाचा. साखरपुडा झाला, की मुलगा बापाच्या घरी जाऊन नवरीसाठी खोली बांधतो. बाप ‘झाली’ म्हणाला, की तिला आणायला निघतो. “आपण नवरी, प्रभू नवरा. वर खोलीचं काम चालू हाये. समजलं का?”

मग त्यांच्याच मुलाचा साखरपुडा झाला आणि गच्चीवरची खोली काही केल्या पुरी होईना. मुलगा बिचारा भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरे, घाशी. काका भिंतीवरून तळहात फिरवत. “नाय. खरखरीत हाये अजून.” देवगाव रंगारीहून मुलीकडचे तारीख विचारत. काकांचं उत्तर ठरलेलं, बायबलातलं, “ते फक्त बापाला ठाऊक.” मी एकदा म्हणालो, तोवर नवरी म्हातारी होईल. ते हसले नाहीत.

शेवटी मुलगीच आली. काका गच्चीवर पॉलिश पेपरनं भिंत घासत होते.

“मामा, आमच्या घरात दुसरं स्थळ बघायचं चाललंय. वरचा बाप भी असाच घासत बसला असंल का?”

काका थांबले. “तू राहणार म्हणल्यावर घासंलच की,” ते हळू म्हणाले. पुढं ‘समजलं का’ आलंच नाही.

मुलीनं त्यांच्यासारखाच भिंतीवरून तळहात फिरवला.

“झाली, मामा. आता न्यायला पाठवा ह्यांना.”