रणपिसेबाई आधी छाती बघायच्या

अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर रणपिसेबाई आधी जखमा बघत नसत. कात्रीनं सदरा उभा कापायच्या, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते निरखायच्या, मग मानेच्या शिरा. शेजारी कुणी फुटलेल्या डोक्यानं बोंबलत असला तरी. "ओरडतोय ना? म्हणजे श्वास चाललाय. तो गप्प बसलेला आधी आत घ्या, सिस्टर," असं मला म्हणायच्या.

नव्वदच्या दशकात इंदापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. बाई बारामतीजवळच्या कन्हेरीच्या, घराण्यातल्या पहिल्या डॉक्टर. पुण्यातली नोकरी सोडून का आलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "हायवेवरची माणसं पुण्यापर्यंत पोचत नाहीत."

एकदा वालचंदनगरचा एक फिटर स्कूटरवरून पडून आला. अंगावर फारसं खरचटलंही नव्हतं; पण ओठ निळे, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. एक्स-रेची वाट न बघता बाईंनी बरगड्यांमधून जाड सुई घातली. फुप्फुसाबाहेर कोंडलेली हवा फुस्सकन निघाली. थोड्या वेळानं तो डोळे उघडून म्हणाला, "माझी चप्पल कुठाय?" बाई चक्क हसल्या. मग लगेच म्हणाल्या, "हवा काढता येते हो. छातीत रक्त साठलं तर काय करायचं?"

त्याच वर्षी साखर कारखान्याच्या हंगामात उसाची ट्रॉली उलटून दत्तूतात्या नावाचे एक शेतकरी खाली सापडले. दुपारी त्यांना आणलं, सोबत बायको कौसामावशी.

"बाई, ह्यांना रगत कुठंच न्हाय आलं. मग असं पांढरं का पडल्यात?"

बाईंनी छातीवर बोटांनी ठोकून बघितलं. डावीकडून बद्द आवाज आला. मानेच्या शिरा बसलेल्या, हातपाय गार. "रक्त आत साठतंय," त्या मला हळूच म्हणाल्या आणि छातीत नळी घातली. तात्यांना जरा मोकळं वाटलं. "आता बरं हाय," म्हणाले. पण नळीची बाटली भरली, बदलली, तीही भरत आली. रक्ताच्या पिशव्या बारामतीहून यायच्या, छाती उघडणारा सर्जन पुण्यात. तात्यांना पुण्याला न्यायला बाई स्वतः जीपमध्ये बसल्या, मी सलाईन धरली. भिगवणच्या अलीकडे तात्यांनी पाणी मागितलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढेपर्यंत ते गेले.

बाईंनी गाडी थांबवायला सांगितली.

"पुणं आलं का?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी. तात्या गेले."

मावशींनी तात्यांच्या तोंडावरून पदर फिरवला. "पर तुमी तर वळखलं हुतं न्हवं, काय झालंय ते?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "वळखलं हुतं." कन्हेरीची बोली त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकली.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी राजीनामा दिला. निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेले. राहवेना, म्हणून विचारलं, "बाई, आता तात्यांसारखा पेशंट आला तर?"

"नव्या डॉक्टरांना नळी घालायला सांगा. मग पुण्याला पाठवा."

"पोचेल?"

"नाही. तरी पाठवा."

आम्ही पाठवत राहिलो.