दिलीपने आखलेली हद्द

दिलीप गेल्याचं कळलं तेव्हा मी नोएडाच्या मेट्रोत उभा होतो. सुनंदावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमचा मित्र गेला…" पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि उलट दिशेची गाडी पकडली. त्याला आता महिना झाला.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो. मी बांधकाम खात्यात इंजिनीअर, तो पुरातत्त्वाचा माणूस. मेहरौलीकडे सरकारी इमारत उठायची झाली की आधी जमिनीत काय आहे ते बघायला त्याला बोलावत. तो चारही कोपऱ्यांत खड्डे घ्यायचा, माती चिमटीत चुरडून बघायचा, एखादी खापरी निघाली की दिवसभर खुशीत असायचा. तुझ्यामुळे माझी एकही इमारत वेळेत उभी राहत नाही, अशी मी त्याची टिंगल करायचो. तो हसायचा आणि खड्डा आणखी हातभर खाली न्यायचा.

एका जागेवर तीन खड्डे झाले. चौथ्याच्या जागी आमच्या विटा रचलेल्या होत्या. त्या हलवायला दोन दिवस गेले असते आणि साहेब माझ्या मानगुटीवर बसले होते. मी दिलीपला गळ घातली. तिन्हीत काही नाही, मग चौथ्यात काय असणार? पाया खणताना काही दिसलं तर मीच फोन करीन म्हणालो. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या त्या माणसाने माझ्या शब्दावर अहवालावर सही केली.

पाया खणताना त्याच कोपऱ्यात जेसीबीला विटांची गोल भिंत लागली. जुनी विहीर होती, आत फुटक्या मडक्यांचा खच. फोन केला तर त्याच्याच सहीवर ठपका येईल, असं मी स्वतःला समजावलं… खरं तर मी साहेबांना घाबरलो होतो. दुपारपर्यंत विहिरीत काँक्रीट ओतून झालं. संध्याकाळी चहाला आल्यावर त्याने विचारलंच, "काय रे, त्या कोपऱ्यात निघालं का काही?"

"काही नाही यार. नुसती माती."

त्याने मान डोलावली आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

निवृत्तीनंतर तो मेहरौलीच्या जुन्या वस्तीचा नकाशा करत बसला होता. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या मुनिरक्यातल्या मुलांना तो नकाशा द्यायचं ठरलं, म्हणून आज वहिनींनी मला बोलावलं. नकाशा टेबलावर पसरलेला होता. वस्तीची हद्द त्याने आमच्या इमारतीच्या अलीकडेच लाल शाईने संपवली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'चौथा खड्डा घेता आला नाही. पाया खणताना नुसती माती.' आणि पुढे कंसात, खात्रीचा आधार म्हणून, माझं नाव.

वहिनी म्हणाल्या, "एकदा नजर घाला. काही चुकलं नाही ना?"

मी नाही म्हणालो… दुसऱ्यांदा. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. वहिनी, तो नकाशा अजून कुणाला देऊ नका. ती हद्द चुकली आहे, आणि ती दिलीपने चुकवलेली नाही.