बाहेरून लावलेली कडी

अंगणवाडीतल्या मुलांना आगीपासून कसं वाचायचं ते शिकवा, असं वरून सांगणं आलं. सोबत एक तक्ता आला. त्यावर आठ-दहा मजल्यांची इमारत, खिडक्यांतून ज्वाळा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘लिफ्टचा वापर टाळा’. हातकणंगल्याच्या अलीकडं उसाच्या मधोमध बसलेलं आमचं गाव. गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. लिफ्ट कुठली न् काय कुठलं! तपासणीला कुणी आलं तर दिसावा म्हणून तक्ता भिंतीला चिकटवला आणि शिकवायचं ते माझ्या पद्धतीनं शिकवलं.

घरातली जुनी सुती साडी आणली. एक टोक मी धरलं, दुसरं मदतनीस बाईंनी. मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर ती ताणली आणि सांगितलं, हा धूर. धूर कुठं असतो? वर! मग आपण कुठं जायचं? खाली! साडीला डोकं लागलं की बाद. पोरं रांगत, फिदीफिदी हसत पलीकडं जायची. पलीकडं पाण्याची बादली आणि फडकी. फडकं ओलं करून नाकातोंडावर धरायचं, दाराशी जायचं, दोन्ही हातांनी दार बडवायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ‘आग लागली!’ हे शेवटचं पोरांना फार आवडायचं. एरवी ओरडलं की मी डोळे वटारते, आणि आता मीच ओरडा म्हणतेय म्हटल्यावर काय विचारता!

त्यात एक चार वर्षांची मुलगी होती. अंगानं काटकुळी, पण सगळ्यात शहाणी. तिच्याइतकं सफाईनं कुणी रांगायचं नाही. फडकं पिळून, घडी घालून धरायची. दाराशी जायची आणि गप्प बसायची. ओरडायचं नाव नाही.

‘का गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?’ मी विचारलं.

तिनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, ‘आई म्हणालीया, ती घरात नसली की आवाज करायचा न्हाय. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाय. मला न् बाळाला कुणीतरी नेतंय.’

‘अगं, पण आग लागली तर?’

तिनं थोडा विचार केला. ‘आई आली की सांगायचं,’ म्हणाली.

तिचं घर मला माहीत होतं. बाप शिरोलीला फाउंड्रीत, रात्रपाळी असली की सकाळी उशिरा परतायचा. आई पहाटे उठून म्हशीची धार काढायची, चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवायची आणि दोन्ही पोरं झोपलेली असताना किटली घेऊन डेअरीला जायची. जाताना दाराला बाहेरून कडी. आमच्याकडं ही काही नवलाची गोष्ट नाही. गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात. डेअरीत दूध घालायची वेळ ठरलेली, पोरांच्या जागं व्हायची नाही. मग कडी घालायची आणि पळायचं.

त्याच दिवशी दुपारी मी तिच्या आईला गाठलं. गोडीनं सांगायचं ठरवून गेले होते, पण माझा स्वभाव मला माहीत आहे. दोन वाक्यांतच आवाज चढला. पोरांना कोंडून चूल पेटती ठेवून जातेस, अक्कल गहाण टाकलीस काय, असं बोलून गेले.

तीही काही ऐकून घेणारी नव्हती. ‘तुमचं काय जातंय बाई बोलायला? दार उघडं टाकून जाऊ? पोरगी रस्त्यावर आली आन् उसाच्या ट्रॉलीखाली गेली, तर तुम्ही येणार हायसा काय उचलायला? कुत्री बघा गल्लीतली. आन् ते पोरं पळवणाऱ्यांचं आलंय ते बघितलं न्हाईसा?’ तिनं मोबाइल पुढं केला. कुणीतरी पुढं ढकललेला व्हिडिओ, कुठल्या मुलखातला देव जाणे. ‘म्हणून सांगून ठेवलंय पोरीला, चिडीचूप बसायचं. लई गुणाची हाय, ऐकतीया.’

‘ती ऐकते, त्याचंच तर भ्या वाटतंय मला,’ मी म्हणाले.

‘पाच-धा मिनिटांचं तर काम. कुठं मुंबईला जातोय व्हय मी?’

रागानं परत आले खरी, पण तिला खोटं तरी कसं पाडायचं? ट्रॉल्या मी पाहत होतेच. हंगामात एकामागं एक दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडावरून जातात, वर गाणी लावलेली, मागचं काही ऐकू येत नाही. कडी नको म्हणणं सोपं होतं. त्याऐवजी काय, ते मलाही सांगता येत नव्हतं. शेजारणीला सांगून जा म्हणावं, तर शेजारीणही डेअरीतच!

त्यानंतर मात्र मला नको ते दिसायला लागलं. आमचीही एक म्हैस आहे, त्यामुळं किटली घेऊन मीही त्याच गल्लीतून जाते. इतकी वर्षं गेले, कधी लक्ष गेलं नव्हतं. आता थंडीतल्या त्या अंधुक उजेडात एकेका दाराकडं नजर जायची. कडी. पुढच्या दाराला कडी. कौलांतून सगळीकडं अंघोळीच्या पाण्याचा धूर निघतोय, धुक्यात मिसळतोय आणि आतून कसलाही आवाज नाही. आत पोरं आहेत हे मला ठाऊक. कुठलं पोर कुठल्या कुशीवर झोपतं, हेही ठाऊक, दुपारी माझ्याकडंच झोपतात ती. पाय भराभरा उचलायचे. वर्गात त्या मुलीला रोज दाराशी उभी करायचे, ‘ओरड गं बाई, एकदा तरी ओरड,’ म्हणायचे. ती ओठ मिटून माझ्याकडं बघायची. एकदा तर मी चिडून तिचे खांदे हलवले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून शब्द नाही.

मग ती सकाळ आली. डेअरीत वीज गेली होती. दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद, रांग पार रस्त्यापर्यंत. मी मागं होते, मुलीची आई माझ्या पुढं चार-पाच बायका सोडून. मशीन कधी चालू होणार म्हणून सगळ्या बडबडत होत्या. ती मात्र सारखी वळून गल्लीकडं बघत होती.

मी पुढं गेले. ‘पोरं?’

‘झोपल्यात.’

‘चूल?’

‘पाणी ठेवलंय की.’ मग माझं तोंड बघून म्हणाली, ‘लांब लाकूड घातलंय बाई, आपलं आपण दमानं जळतंय. काय हुईत न्हाय.’

लांब लाकूड म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. तोडायला वेळ नसला की आख्खं लाकूड चुलीत सारायचं, निम्मं बाहेर. जळेल तसं आत सरकवायचं. सरकवायला माणूस असलं तर ठीक. नसलं तर आग लाकडावरून मागं मागं येते आणि पेटतं टोक जमिनीवर पडतं. त्यांच्या चुलीशेजारी शेण्या आणि उसाचं वाळलेलं पाचट रचलेलं असायचं, मी डोळ्यांनी बघितलं होतं.

‘घरी जा,’ मी म्हणाले.

‘आता नंबर आलाय माझा. आलीच बघा लाइट.’

खरंच वीज आली होती, मशीन चालू झालं होतं. किटली तिथंच खाली ठेवली आणि निघाले. आधी चालत, मग पळत. या वयात, या गुडघ्यांनी!

गल्लीत सगळ्याच कौलांतून धूर. त्यांच्या कौलांतूनही. तेवढाच, तसाच. क्षणभर वाटलं, काही नाही, उगाच आपण येड्यागत पळत आलो. मग दाराच्या खालच्या फटीकडं लक्ष गेलं. तिथूनही धूर येत होता.

हाक मारली. नावानं मारली, दोनदा, तीनदा. ‘अगं, मी बाई हाय! वरड, कुठं हाईस सांग!’ आतून हूं नाही की चूं नाही. कडीत लाकडाची खुंटी ठोकलेली, ती निघेना. बोटं सोलली. मी शिव्या घातल्या, खुंटीला, पोरीच्या आईला, त्या व्हिडिओ पाठवणाऱ्याला. समोरच्या घरातले आजोबा मिश्री लावत बाहेर आले आणि माझा अवतार बघून तसेच बादली आणायला धावले.

खुंटी निघाली. दार ढकललं तर उघडेना. आतून काहीतरी मऊ अडत होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला दार उघडायचंच नव्हतं. मग हळूहळू, थोडं थोडं रेटत फट केली आणि हात आत घातला.

दोघं दाराला चिकटून आडवी पडली होती, अगदी जमिनीलगत. जिवंत होती. मी आधी धाकट्याला ओढलं, मग तिला. चेहरे काळे, डोळे लालभडक. धाकट्याच्या तोंडावर ओलं फडकं होतं आणि फडक्यावर तिचा हात. हात निघेना. मी बोटं एकेक करून सोडवली. पोराचे ओठ निळसर पडलेले. पाठीवर थापटलं, पालथं घातलं, हलवलं, आणि एकदाचं ते असं किंचाळलं की सगळी गल्ली बाहेर आली. आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी पाण्याचं पिंप आत रिकामं केलं. पाचट जळलं, अंथरुणं जळली, चुलीमागची भिंत काळी ठिक्कर पडली.

त्यांची आई तेव्हा आली. किटली हातातच होती, दूध पायांवर सांडत होतं. मुलगी माझ्या मांडीवर खोकत होती. आई दिसल्यावर ती उठून बसली, नाक पुसलं आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, ‘आई, बाई लई हाका मारत हुत्या. मी ओ दिली न्हाय. बाळ रडाय लागलं, तर त्याचंबी तोंड दाबून धरलं.’

आई मटकन खाली बसली. पोरगी शाबासकीसाठी एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती.