काळ्या पाठीची चकती

आंब्याच्या कलमांवर जुन्या चकत्या टांगायच्या, हे आमच्याकडे सगळेच करतात. उन्हात त्या लखलखल्या की वांदर बिचकतात, निदान पहिले दोन दिवस तरी. ह्या मोसमात मीही तीन टांगल्या. सुनेच्या टीव्हीखाली बिस्किटांचा डबा असतो, त्यातून काढल्या. दोन कुणाच्या तरी लग्नाच्या होत्या. तिसरीवर गलबताचं चित्र होतं, पण पाठ काळी कुळकुळीत. मला वाटलं, जळली. तिच्याच खाली दुसरी होती, आरशासारखी पांढरी, आणि तिच्यावर मुलाच्या हातचं 'गलबत' असं लिहिलेलं. चांगली ती ठेवली, जळकी ती झाडाला. अक्कल वापरूनच केलं होतं सगळं.

चार दिवसांनी सूनबाईने विचारलं, "अण्णा, डब्यातली काळी चकती बघितलीत काय?"

"कलमावर हाय."

ती अनवाणीच बाहेर गेली आणि चकती घेऊन आली. वांदराने ती चावून बघितली होती. कडेचा तुकडा गेलेला, पाठीवर ओरखडे. तिने ती पदराने पुसली आणि परत परत पुसत राहिली. तेव्हा मला कळलं, की मी काहीतरी मोठं केलं.

माझा मुलगा जहाजावर असतो. पहिल्या सफरीवरून येताना त्याने टीव्हीला जोडून, चकत्या घालून खेळायचं मशीन आणलं होतं, त्याला आता वीस वर्षं व्हायची. तो सुट्टीवर आला की नवराबायको तो गलबताचा खेळ खेळतात. तो गलबत हाकतो, ही नकाशा बघून वाट सांगते. एका सुट्टीत एक बेट, असा त्यांचा नेम. आता शेवटचं बेट राहिलं होतं. जाताना तो बजावून गेला होता, मी आल्याशिवाय उघडायचं नाही. आणि तो यायला दहा दिवस होते.

"मग ती पांढरी लाव की," मी म्हटलं.

"ती नक्कल आहे, अण्णा. खाऱ्या हवेत खरी खराब झाली तर, म्हणून ह्यांनी काढून ठेवलेली. पण मशीन ती घेत नाही."

"घेत नाही म्हंजे?"

तिने लावून दाखवली. चकती फिरली, मशीनने जरा विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. मी बघतच राहिलो. बंद पेटीचा नुसता वास घेऊन आतला आंबा रत्नागिरीचा की कर्नाटकचा ते मी सांगतो, अख्ख्या बाजारात मला त्यासाठी बोलावतात. त्या मी खरी वांदरांना दिली, आणि ह्या प्लास्टिकच्या डबड्याने नक्कल ओळखली!

मी मशीन पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "नक्कल चालवायला आत चिप बसवावी लागते. आता मिळत नाहीत त्या. फेका आजोबा, मोबाईलवर खेळा."

"तू बसलायस ती खुर्ची तुझ्या आज्याची. ती नाय फेकलीस?"

तो हसला. मग म्हणाला, "चिप नसली की पूर्वी पोरं खरी चकती लावायची आणि फिरता फिरता चटकन नक्कल घालायची. तुम्ही नका नादाला लागू, ह्या वयात जमायचं नाही."

तेवढं बोलला ते बरं झालं. नाहीतर मी खरंच घरी गेलो असतो.

गाड्यांच्या शर्यतीची एक खरी चकती घरात होती, तीही काळ्या पाठीची. मशीनच्या झाकणाखाली एक बारीक बटण आहे, झाकण मिटलं की ते दाबलं जातं. खराट्याचे दोन हीर कापून त्याची खुंटी केली आणि बटणात ठोकून बसवली. झालं, झाकण उघडं असून मशीनला वाटतं मिटलंय. खरी चकती लावली की मशीन ती जोरात फिरवतं, तपासतं, आणि समाधान झालं की क्षणभर वेग सोडतं. तेवढ्यात खरी उचलायची, नक्कल ठेवायची. उशीर झाला तर मेलं.

सरावाला कलमावरची लग्नाची चकती आणली, नक्कल खराब नको म्हणून. पहिल्या दिवशी ती दोनदा कपाटाखाली गेली. सूनबाई म्हणाली, "अण्णा, नवरानवरी पळून गेली बघा." चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

डोळ्यांनी ते जमत नव्हतं. मग पंखा बंद करायला लावला, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि ऐकलं. बंदरावर चाळीस वर्षं मी मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं कानाने दुरुस्त केली. चकती वेग सोडते तेव्हा सुईएवढा आवाज येतो, लाँच गिअरमधून सुटावी तसा. तिसऱ्या दुपारी तो मला सापडला. मग खरोखरची नक्कल घेतली.

टीव्हीवर समुद्र आला.

सूनबाई पुढे सरकली. धक्क्याला एक गलबत बांधलेलं होतं. "आमचंच," ती हळूच म्हणाली. "इथेच बांधून गेलेले हे." मी पाणी बघत होतो. नक्कल म्हणे! त्या पाण्यात एक लाट कमी नव्हती. मुलाची आणि तिची इतक्या वर्षांची सगळी बेटं त्यात होती, आणि त्याचीच खरी चकती मी जळकी म्हणून झाडाला टांगली होती.

तेवढ्यात तिने मशीन बंद केलं.

"अगो, बंद काय केलंस? ते शेवटचं बेट?"

"हे आल्याशिवाय नाही."

"आणि परत माझ्याच्यानं जमलं नाय तर?"

"जमेल तुम्हाला," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. नऊ महिने वाट बघितलेली बाई, बेट हाताशी आलेलं, आणि हात मागे घेते. इंजिनात असला संयम मी कधी बघितला नाही, माणसात तर नाहीच.

मुलगा आला. मीच त्याला सगळं सांगितलं, सुनेने अवाक्षर काढलं नव्हतं. तो म्हणाला, "त्यात काय, मी करतो." तीनदा केलं, तिन्ही वेळा फसला. मग बाजूला झाला. "या अण्णा."

"पंखा बंद कर," मी म्हटलं आणि डोळे मिटले.

एका फटक्यात लागली.

दोघं चटईवर बसली. मुलगा मला म्हणाला, झाकण लावलं तरी चालेल. मी लावू दिलं नाही. उघड्या फिरत्या चकतीवर पाल पडली तर? मी मशीनच्या कडेला पाट घेऊन बसलो, चकतीवरून नजर हलवली नाही. त्यामुळे शेवटचं बेट कसं होतं ते मी बघितलंच नाही. गलबत किनाऱ्याला लागलं तेव्हा सूनबाई "अगो बाई!" म्हणाली, एवढं ऐकलं.